एचडीआर छायाचित्रण

एचडीआर छायाचित्रण : एकाच दृश्यातील अतिशय उजळ व अतिशय अंधाऱ्या अशा दोन्ही भागांतील तपशील टिपून ते एका चित्रात एकत्र आणण्याची छायाचित्रणाची पद्धती. ‘हाय डायनॅमिक रेंज’ ह्या इंग्रजी संज्ञेच्या आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले आहे. ह्या पद्धतीचे दोन टप्पे आहेत : दृश्यातील प्रकाशाची नोंद करणे आणि ती नोंद कागदाच्या वा पडद्याच्या मर्यादित क्षमतेत बसविणे. पहिला टप्पा बव्हंशी यंत्राचा असून दुसरा बव्हंशी विवेकाचा आहे. चित्र नैसर्गिक दिसते की भडक व कृत्रिम, हे मुख्यतः दुसऱ्या टप्प्यावर ठरते.

दीप्तिपल्ला : दृश्यातील सर्वांत उजळ व सर्वांत काळोख्या भागांकडून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या गुणोत्तरास दीप्तिपल्ला म्हणता येईल. छायाचित्रकार तो ‘स्टॉप’ ह्या पायऱ्यांनी मोजतात. एक पायरी वर चढले की प्रकाश दुप्पट होतो. त्यामुळे दहा पायऱ्यांचा पल्ला म्हणजे १,०२४ : १ आणि चौदा पायऱ्यांचा म्हणजे १६,३८४ : १ असे गुणोत्तर होते. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर सु. १,००,००० लक्स इतका प्रकाश पडतो, तर घरातील दिव्यांचा प्रकाश बहुधा काही शेकडा लक्सच असतो. खिडकी उघडी असलेल्या खोलीत हे दोन्ही प्रकाश एकाच चौकटीत येतात. याउलट चकचकीत कागदावरील मुद्रितात शुभ्र व काळा यांतील गुणोत्तर साधारणतः १०० : १ च्या आसपासच असते. मोठा पल्ला लहान पल्ल्यात कसा सामावावा, हाच ह्या छायाचित्रणातील मूळ प्रश्न होय.

डोळा हा प्रश्न निराळ्या प्रकारे सोडवितो. तो संपूर्ण दृश्य एका क्षणात टिपत नाही. नजर फिरेल तशी बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटलाची संवेदनशीलता बदलते आणि मेंदू शेजारच्या भागांची तुलना करून वस्तूचा उजळपणा ठरवितो. म्हणूनच सावलीतला पांढरा कागद उन्हातल्या कोळशापेक्षा कमी प्रकाश परावर्तित करीत असला, तरी तो पांढराच भासतो. एडविन लँड व जॉन मकॅन यांनी १९७१ मध्ये मांडलेला ‘रेटिनेक्स’ सिद्धांत ह्याच तुलनात्मक दृष्टीशी संबंधित आहे. तथापि सावलीतला कागद पांढरा भासत असताना तो सावलीत आहे, हेही पाहणाऱ्यास कळत असते. नैसर्गिक चित्राने ह्या दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. बहुतेक सदोष एचडीआर चित्रे पहिली सांगतात व दुसरी विसरतात.

इतिहास : ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. आरंभीच्या कलोडियन काचा निळ्या प्रकाशास अतिसंवेदनशील असल्यामुळे समुद्राची नोंद पुरेशी होईपर्यंत आकाश पूर्णपणे जळून जाई. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० नंतरच्या दशकात आकाश व समुद्र यांच्या वेगवेगळ्या प्रतिचित्रांवरून एकच मुद्रित तयार करून तीवर तोड काढली. १९४० च्या सुमारास ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी ‘झोन’ पद्धती मांडली. तीत शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे अकरा विभाग कल्पून, दृश्यातील कोणता भाग मुद्रितात कोणत्या विभागात पडावा हे चित्र घेण्यापूर्वीच ठरविले जाते. पाचवा विभाग हा मध्यम करडा असून तो १८ टक्के परावर्तनाशी जुळतो.

अंकीय युगात १९९५ मध्ये स्टीव्ह मान व रोझलिंड पिकार्ड यांनी आणि १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक व जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या उद्भासनांच्या प्रतिमांवरून दृश्यातील प्रकाशाची सलग नोंद मिळविण्याच्या रीती प्रसिद्ध केल्या. २००२ मध्ये एरिक राइनहार्ड व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या रीतीचा पाया झोन पद्धती हाच होता. २००५ मध्ये फोटोशॉप ह्या संगणकीय प्रणालीत अशा प्रतिमा एकत्र करण्याची सोय आली आणि २०१० मध्ये ॲपलच्या आयफोनमध्ये ‘एचडीआर’ची कळ आली. त्यानंतर ही पद्धती सर्वसामान्यांच्या हाती गेली.

चित्रग्रहण : प्रचलित पद्धतीत कॅमेरा तिवईवर ठेवून एकाच दृश्याच्या तीन, पाच वा अधिक प्रतिमा घेतल्या जातात. भिंगाचे द्वारक, केंद्रीकरण, संवेदनशीलता व श्वेतसंतुलन स्थिर ठेवून केवळ उद्भासनकाल बदलावा लागतो. द्वारक बदलल्यास स्पष्टतेची खोली बदलते व प्रतिमा एकमेकींशी जुळत नाहीत. उदा., १/२५०, १/६०, १/१५, १/४ व १ सेकंद अशा पाच प्रतिमा प्रत्येकी दोन पायऱ्यांच्या अंतराने घेतल्यास संवेदकाच्या मूळ पल्ल्यात आठ पायऱ्यांची भर पडते. सर्वांत कमी उद्भासनाच्या प्रतिमेत उजळ भागाचा तपशील शाबूत राहिला पाहिजे आणि सर्वांत अधिक उद्भासनाच्या प्रतिमेत सावलीतील तपशील कणमय न दिसता उमटला पाहिजे. पुढे संगणक प्रत्येक चित्रबिंदूचे मूल्य उद्भासनकालाने भागून सापेक्ष प्रकाश काढतो आणि विश्वासार्ह मूल्यांना अधिक महत्त्व देऊन त्यांची सरासरी घेतो. हलणारी पाने, माणसे वा लाटा यांमुळे दुहेरी आकृत्या उमटण्याचा धोका असतो. अशा जागी एकाच प्रतिमेतील भाग स्वीकारणे इष्ट ठरते.

मोबाइल दूरध्वनीतील रीती काहीशी वेगळी आहे. गूगलने २०१३ मध्ये आणलेल्या ‘एचडीआर प्लस’मध्ये कमी उद्भासनाच्या अनेक प्रतिमा झपाट्याने घेऊन, त्या जुळवून त्यांची बेरीज केली जाते. त्यामुळे उजळ भाग जळत नाहीत आणि सावलीतील कणमयता सरासरीमुळे कमी होते.

छटा-रूपांतर : नोंदलेल्या विस्तृत पल्ल्याचे मर्यादित पल्ल्यात रूपांतर करण्याच्या क्रियेस इंग्रजीत ‘टोन मॅपिंग’ म्हणतात. तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. सार्वत्रिक प्रकारात सर्व चित्रबिंदूंना एकच नियम लागू होतो. दृश्यात जे अधिक उजळ ते चित्रातही अधिक उजळ राहते. परंतु पल्ला फार दाबला गेल्यास दगडाचा खरखरीतपणा, कापडाचा पोत यांसारखे बारीक भेद फिके पडतात. स्थानिक प्रकारात प्रत्येक चित्रबिंदूचे मूल्य शेजारच्या बिंदूंच्या संदर्भात ठरते. त्यामुळे पोत टिकतो. मात्र उजळपणाचा क्रम उलटण्याची शक्यता निर्माण होते. फ्रेडो ड्युराँ व ज्युली डॉर्सी यांच्या २००२ मधील रीतीत दृश्याचा प्रकाशाशी निगडित ठळक थर व पोताचा सूक्ष्म थर वेगळे करून केवळ पहिला दाबला जातो. २००७ मध्ये टॉम मर्टेन्स व सहकाऱ्यांनी मांडलेल्या उद्भासन-संयोग रीतीत मधली प्रकाशनोंद न करता प्रत्येक प्रतिमेतील सुयोग्य भाग थेट एकत्र केले जातात. तिचे परिणाम सामान्यतः सौम्य असतात.

अनैसर्गिकतेची कारणे : स्थानिक रीतीचा अतिरेक हे मुख्य कारण होय. गडद कड व उजळ आकाश यांच्या सीमेवर शेजाराची सरासरी दोन्ही बाजूंचा प्रकाश मिसळते आणि डोंगराच्या वा इमारतीच्या भोवती देवाच्या मूर्तीमागे असावी तशी प्रभावळ दिसू लागते. दूरच्या डोंगररांगांवरील धुरकटपणा हा अंतराचा निदर्शक असतो. सूक्ष्म भेद सर्वत्र सारखेच वाढविल्यास तो नाहीसा होतो व दृश्य सपाट होते. माणसाची त्वचा काजळी धरल्यासारखी आणि ढग धातूचे असल्यासारखे दिसतात. दीप्ती दाबताना रंगाची शुद्धता तशीच ठेवल्यास रंग भडक भासतात. म्हणून दीप्तीबरोबर रंगही काहीसे उतरवावे लागतात.

नैसर्गिकतेच्या कसोट्या : दीप्तींची प्रत्यक्ष गुणोत्तरे चित्रात राखणे अशक्यच असते. राखावयाचा असतो तो त्यांचा क्रम आणि प्रकाशाची दिशा. यावरून पुढील कसोट्या निघतात. (१) प्रकाशाचा उगम चित्रातही सर्वांत उजळ असावा. सूर्यास्ताचे आकाश जमिनीपेक्षा काळे असू नये. (२) पाण्यातील प्रतिबिंब हे प्रतिबिंबित होणाऱ्या आकाशापेक्षा उजळ असू शकत नाही, कारण पाणी प्रकाशाचा काही अंशच परावर्तित करते. (३) सावली ही सावलीच राहावी. तीत तपशील दिसावा, पण ऊन शिरल्याचा भास होऊ नये. (४) चित्रात कोठेतरी खरा काळा रंग असावा. प्रत्येक कोपरा उजळलाच पाहिजे असा नियम नाही. (५) दिवा वा सूर्य यांसारखा उगम पूर्ण पांढरा झाला, तरी तो दोष मानू नये.

व्यवहारात रूपांतराची मात्रा हळूहळू वाढवून परिणाम जाणवू लागताच ती थोडी मागे घेतात. तयार चित्रावर मधल्या उद्भासनाची प्रतिमा अंशतः मिसळल्यास हरवलेला प्रकाशक्रम बराचसा परत येतो. चित्र लहान आकारात पाहिल्यास प्रभावळी व उलटलेले क्रम चटकन लक्षात येतात. बराच वेळ एकाच चित्राकडे पाहत राहिल्यास डोळा भडकपणाला सरावतो. म्हणून काही काळाने पुन्हा पाहून निर्णय घेणे श्रेयस्कर असते.

लेण्यांचे उदाहरण : अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील सभामंडपास समोरची दारे-खिडक्या एवढाच नैसर्गिक प्रकाशमार्ग आहे. मंडपाच्या आतून बाहेरच्या उन्हाकडे पाहता दीप्तींचे गुणोत्तर सहज दहा हजारांच्या पुढे जाऊ शकते. शिवाय भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी तेथे फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. अशा ठिकाणी एचडीआर पद्धती उपयुक्त ठरते. परंतु मागच्या भिंतीवरील चित्रे दाराजवळच्या खांबांइतकीच उजळ केल्यास लेण्याची खोली नाहीशी होते आणि अंधारातून उमलत जाणारी ती वास्तू एखाद्या उजळलेल्या दालनासारखी दिसू लागते. खांबांच्या ओळीगणिक मंदावत जाणारा प्रकाश राखला, तर चित्रे दिसतात व लेणेही कळते. आतील दिव्यांचा पिवळा व बाहेरचा निळसर प्रकाश एकत्र आल्यास त्यांतील फरक कमी करावा. पूर्णपणे पुसू नये.

नोंदीचे प्रामाण्य : वास्तूचे वा भित्तिचित्राचे छायाचित्र हा अभ्यासकांच्या दृष्टीने पुरावा असतो. सूक्ष्म भेद अवाजवी वाढविल्यास ओलीचा फिका डाग गडद दिसतो, केसाएवढी भेग रुंद भासते आणि विटलेला रंग ताजा वाटतो. त्यावरून काढलेला जतनाचा निर्णय चुकू शकतो. म्हणून नोंदीच्या कामात दृश्यात प्रमाणित रंगपट्टी ठेवणे, मूळ प्रतिमा असंस्कारित स्वरूपात जपणे आणि केलेल्या संस्कारांची टिपणे ठेवणे आवश्यक मानावे.

विस्तृत दीप्तिपल्ल्याच्या पडद्यांमुळे ह्या प्रश्नाचे स्वरूप काही अंशी बदलले आहे. २०१४ मध्ये प्रमाणित झालेल्या एका संकेतपद्धतीत प्रति चौरस मीटर १०,००० कँडेलापर्यंतची दीप्ती नोंदविण्याची तरतूद आहे. अशा पडद्यांवर पल्ला कमी दाबावा लागतो. तथापि छापील कागदाची मर्यादा कायम असल्यामुळे काय उजळावे आणि काय अंधारात राहू द्यावे, ही निवड छायाचित्रकारास करावीच लागते.