मदतीचं अ‍ॅप आणि पोटापाण्याचा प्रश्न

रविवारी मेगाब्लॉक असला की मुंबईकर आधी खिशातला फोन काढतो. त्यात ‘एम-इंडिकेटर’ बहुधा असतंच. सचिन टेके यांनी २०१० मध्ये ते आणलं तेव्हा बहुतेकांच्या हातात बटणांचे फोन होते आणि इंटरनेट महाग होतं. म्हणून लोकलचं वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं. नेट नसलं तरी दादरहून पुढची कल्याण फास्ट कितीची, हे कळायचं. पुढे बसचे मार्ग आणि रिक्षा-टॅक्सीची भाडीही आली. प्रवाशाला दमडी मोजावी लागत नाही, खर्च निघतो जाहिरातींवर.

फोनवर लोकोपयोगी काही करू पाहणाऱ्या हौशी मंडळींचं घोडं नेमकं इथेच अडतं. अ‍ॅप तयार होतं, लोक दुवाही देतात. पण सर्व्हरचं भाडं आणि पगार दुव्यांवर भागत नाहीत.

बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्जचं ‘व्हेअर इज माय ट्रेन’ घ्या. प्रवाशाचा फोन कोणत्या मोबाइल टॉवरच्या टप्प्यात आहे, यावरून गाडी कुठवर आली ते हे अ‍ॅप ताडतं. त्याला ना जीपीएस लागतं, ना इंटरनेट. २०१८ च्या डिसेंबरात गूगलने ही कंपनीच विकत घेतली.

डेन्मार्कच्या हान्स यॉर्गन व्हीबर्ग यांनी तिसरी वाट काढली. ते फर्निचरचे कारागीर. दृष्टी हळूहळू कमी होत गेलेली. २०१२ मध्ये त्यांनी कल्पना मांडली आणि जानेवारी २०१५ मध्ये ‘बी माय आइज’ आयफोनवर आलं. अंध व्यक्ती दुधाचा खोका कॅमेऱ्यासमोर धरते; पलीकडचा अनोळखी स्वयंसेवक म्हणतो, ‘जरा डावीकडे फिरवा,’ आणि तारीख वाचून दाखवतो. काम मिनिटाभराचं, दोघांनाही फुकट. पैसे देतात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्या. त्यांचे अंध ग्राहक याच अ‍ॅपवरून थेट त्यांच्या मदत कक्षाशी बोलू शकतात. २०२३ पासून छायाचित्राचं वर्णन कृत्रिम बुद्धिमत्ताही करते, पण माणसाला हाक मारायची सोय कायम आहे.

आणि फोन हेच दुखणं असेल तर?

अ‍ॅमस्टरडॅमच्या फेअरफोनने २०१३ मध्ये ग्राहकांकडून आगाऊ पैसे घेऊन पहिला फोन बनवला. खनिजं कुठल्या खाणीतून येतात, जुळणी करणाऱ्या कामगाराला काय मिळतं, हे प्रश्न या कंपनीने धंद्यातच आणले. २०२३ च्या फेअरफोन ५ ची बॅटरी मागचं झाकण नखाने उचकटून बदलता येते. स्क्रीन, कॅमेरा, चार्जिंगचा पोर्ट बदलायला साधा स्क्रूड्रायव्हर पुरतो. सॉफ्टवेअरची हमी २०३१ पर्यंतची. त्याच ताकदीच्या इतर फोनपेक्षा किंमत मात्र चढी, म्हणजे इथे मदतीचं मोल ग्राहकच मोजतो.

२० जून २०२५ पासून युरोपीय संघाने नव्या फोनचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं पुरवणं सर्वच उत्पादकांना बंधनकारक केलं आहे. फेअरफोनच्या वेगळेपणाचा हा एक भाग आता कायद्याने सर्वांच्या गळ्यात बांधलाय. जादा किंमत मागायला या कंपनीला सुट्या भागांपलीकडचं कारण द्यावं लागणार.