टाकीतली पेन्सिलीची रेघ

रात्री अडीचला मला जाग आली ती संडासातल्या टाकीच्या आवाजाने. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. बाकीचे दोघंही गाढ झोपलेले. तरी आत दहा-बारा सेकंद ‘स्सऽऽ’ असा पाणी भरल्याचा आवाज झाला आणि थांबला. मी घड्याळाकडे बघत पडून राहिले. वीस मिनिटांनी पुन्हा तोच आवाज. कुणी बटण दाबलेलं नसताना टाकी भरतेय, म्हणजे तिच्यातलं पाणी कुठेतरी जातंय.

आमची सोसायटी पुण्यात वाघोलीला. उन्हाळा लागला की टँकर. मी खजिनदार, त्यामुळे दहा हजार लिटरच्या प्रत्येक टँकरची पावती माझ्या हातून जाते. तो आवाज ऐकल्यावर झोप लागणं शक्य नव्हतं.

सकाळी टाकीचं झाकण उचललं, खालचा अँगल कॉक बंद केला आणि पाणी जिथे टेकलं होतं तिथे आतल्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. दहा मिनिटांनी पाणी रेघेच्या एक सेंटिमीटर खाली होतं. पट्टीने मापून घेतलं. टाकी आतून ३६ सेंटिमीटर लांब, १४ रुंद. म्हणजे एका सेंटिमीटरला अर्धा लिटर. तासाला तीन लिटर, दिवसाला ७२. कमोडमध्ये वाकून पाहिलं तर धार काही दिसेना. भांड्याची मागची बाजू पुसून कोरडी केली आणि तिथे टिश्यू पेपर चिकटवला, तेव्हा तो वरून खाली भिजत आला.

ही दोन बटणांची टाकी आम्ही मुद्दाम पाणी वाचावं म्हणून बसवली होती. लहान बटणाला तीन लिटर, मोठ्याला सहा. तीन माणसांनी दिवसातून चार-चार वेळा लहान बटण दाबलं, तर दर वेळी तीन याप्रमाणे ३६ लिटर वाचतात. आणि गळत होते ७२! आम्ही बोटाने वाचवत होतो त्याच्या दुप्पट पाणी आवाज न करता जात होतं.

दोन बटणांची कल्पना रुजली ती ऑस्ट्रेलियात. पाण्याची टंचाई असलेल्या त्या देशात कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये ११ आणि साडेपाच लिटरची टाकी तयार केली. पुढे हे आकडे कमी होत सहा आणि तीनवर आले. कल्पना चोख आहे, मला ती आजही पटते. पण जुन्या साखळीच्या लोखंडी टाकीत आणि हिच्यात एक मोठा फरक आहे, तो कुणी आपल्याला सांगत नाही. जुन्या टाकीत सायफन असायचा. पाणी वर चढून वळणावरून गेल्याशिवाय खाली उतरायचंच नाही, त्यामुळे तळाला गळती होण्याचा प्रश्न नव्हता. बॉल कॉक बिघडला तर जास्तीचं पाणी बाहेरच्या पाइपातून टपटपायचं आणि चार लोकांना दिसायचं. नव्या टाकीत तळाशी एक भोक, आणि त्यावर रबराची किंवा सिलिकॉनची पातळ चकती. सगळ्या पाण्याचा भार तिच्यावर. जास्तीचं पाणीसुद्धा मधल्या उभ्या नळीतून गुपचूप भांड्यातच उतरतं. गळती झाली तरी फरशी कोरडीच राहते.

म्हणून आधी शोधायचं ते पाणी जातंय कुठून. पाणी त्या मधल्या नळीच्या तोंडापर्यंत चढून आत सांडत असेल, तर दोष भरणाऱ्या बाजूचा, म्हणजे फिलरचा. फ्लोट वर सरकलेला असतो किंवा फिलरचा वायसर गेलेला असतो. फ्लोटचा स्क्रू फिरवून पाणी नळीच्या तोंडापासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली थांबेल असं करावं. आणि कॉक बंद ठेवूनही पाणी रेघेखाली उतरत असेल, तर दोष तळाच्या चकतीचा.

आमचा दोष दुसरा. प्लंबरदादांना फोन केला. बऱ्याच ठिकाणी अशा वेळी ‘अख्खं किट बदला’ असं सांगतात. हे तसे नाहीत. त्यांनी कॉक बंद करून टाकी रिकामी केली, मधला मनोरा, म्हणजे ती उभी नळी आणि खालची चकती असलेला भाग, धरून उलटा पाव फेरा दिला आणि उचलून माझ्या हातात ठेवला. म्हणाले, “काकू, चकतीवरून बोट फिरवा.” खरखरीत लागलं. बोअरचं आणि टँकरचं जड पाणी. चकतीवर आणि खालच्या कडेवर क्षाराचा पांढरा थर. एका जागी तर मिठाच्या खड्याएवढा कण अडकलेला. तेवढ्या फटीतून दिवसाला ७२ लिटर.

मनोरा तासभर व्हिनेगरच्या बादलीत ठेवला, कड फडक्याने पुसली. घासणी किंवा सुरी लावायची नाही; ओरखडा पडला की तिथूनच गळतं. चकती थोडी कडक झाली होती म्हणून नवी आणली. जुनी दुकानात नेऊन तिच्याशी जुळवूनच घ्यावी, कारण सगळ्या कंपन्यांचं माप सारखं नसतं. आणि टाकीत टाकायच्या त्या निळ्या गोळ्या मी बंद केल्या. त्यातल्या क्लोरीनवाल्या गोळ्या रबर खातात.

बटण दाबल्यावर वर येत नसेल तर झाकणाखालच्या काड्या बघाव्यात. त्या आट्यांच्या असतात. लांब राहिल्या तर व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो. टाकी फार हळू भरत असेल तर फिलरच्या तोंडाची जाळी कचऱ्याने भरलेली असते. आणि लहान बटणाने भांडं साफ होत नसेल तर ते जास्त पाण्यासाठी बनवलेलं जुनं भांडं आहे का, हे पाहावं. त्याला नुसतं नवं किट बसवून भागत नाही. माणसं दोनदा दाबतात आणि बचत संपते. बऱ्याच किटमध्ये लहान फ्लशचं पाणी थोडं वाढवता येतं, ते वाढवून घेणं बरं.

सासूबाई दोन्ही बटणं एकदम दाबायच्या. कुठलं लहान, हे त्यांना दिसायचंच नाही. मी लहान बटणावर लाल टिकली चिकटवली, तेव्हापासून त्या बरोबर तीच दाबतात.

मग आमच्या मजल्यावर सगळ्यांना सांगितलं: टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका, पंधरा-वीस मिनिटं बटण दाबू नका, मग भांड्यात बघा. चार घरांपैकी दोन घरांत रंग उतरला. शेजारच्या वहिनींची टाकी भिंतीत बसवलेली. त्यांना वाटलं टाइल फोडावी लागणार. तसं नाही, बटणांची प्लेट काढली की तेवढ्या खिडकीतूनच सगळं बाहेर येतं. त्यांच्याकडे फ्लोट अडकला होता, वीस मिनिटांत काम झालं.

आमच्या टाकीतली पेन्सिलीची रेघ मी पुसलेली नाही. परवा पुन्हा कॉक बंद करून तासभर थांबले. पाणी रेघेलाच होतं.