प्रवाळपेटींतील चपटे कृमी

रत्नागिरीस गेलेला हौशी प्रवासी तेथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचें मत्स्यालय आवर्जून पाहतो. काचेआडचे मासे पाहून आपल्याही दिवाणखान्यांत असा एक लहानसा समुद्र असावा, असें पुष्कळांना वाटूं लागतें. परंतु समुद्र घरीं आणावयाचा म्हणजे त्यांतील उपद्रवही घरीं येणारच. चपटा कृमि हा त्यांपैकींच एक.

खाऱ्या पाण्याच्या पेटींत नवें प्रवाळ वा दगड ठेवल्यावर कांहीं दिवसांनीं काचेवर तांबूस तपकिरी ठिपके दिसूं लागतात. भिंगांतून पाहिल्यास सुमारें अर्धा सेंटिमीटर लांबीचा, मागें तीन टोकें असलेला जीव दिसतो. शास्त्रज्ञ आतां त्याची गणना खऱ्या चपट्या कृमींत करीत नाहींत; पण रूढ नांव तेंच राहिलें आहे. त्याच्या अंगांत सूक्ष्म शैवाल असतें आणि प्रकाशावर तें अन्न तयार करतें. शरीरास कोंब फुटून नवा जीव सुटा होतो. त्यामुळें एकाचे शेंकडों होण्यास वेळ लागत नाहीं. हा कृमि प्रवाळ खात नाहीं. पण त्याचा दाट थर बसला म्हणजे प्रकाश अडतो आणि प्रवाळ खंगतें.

येथेंच घाई घात करते. गुरांना जंतांवर देतात तें लेव्हॅमिसोल या कृमींनाही मारतें. परंतु मरतांना त्यांच्या शरीरांतून विष सुटतें. शेंकडों कृमी एकदम मेले, तर मासेही दगावतात. म्हणून आधीं उपसा, मग औषध, हाच क्रम योग्य. बारीक रबरी नळीनें रोज शक्य तितके कृमी पाण्यासह ओढून काढावे. संख्या घटल्यावरच औषध द्यावें, मेलेले कृमी तत्काळ उपसावे, आणि विष शोषणारा सक्रिय कोळसा व बदलण्यास खारें पाणी हाताशीं ठेवावें. निळी मखमली समुद्री गोगलगाय हे कृमी आवडीनें खाते. पण ते संपले कीं बिचारी उपाशी मरते.

शाखायुक्त अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाचें मांस खाणारा चपटा कृमि याहून घातक. औषधी पाण्यांत बुडविल्यानें कृमि गळून पडतो. अंडीं मात्र वांचतात. म्हणून नवें प्रवाळ कांहीं आठवडे निराळ्या पेटींत ठेवून पुनःपुन्हा बुडवावें व अंडीं खरवडून काढावीं. बंदोबस्त दारांतच केलेला बरा.

हौसेला कायद्याचीही मर्यादा आहे. पाषाणप्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान आहे. तेव्हां मालवणच्या समुद्रांतून प्रवाळ उचलून आणणें हा गुन्हा होय. त्याचप्रमाणें पेटींतून उपसलेलें पाणी वा दगड किनाऱ्यावर टाकूं नयेत. परक्या समुद्रांतून आलेला जीव कोंकणच्या पाण्यांत रुजला, तर त्याला उपसून काढील अशी नळी कोणापाशींच नाहीं.