भाषणाचा विषय आणि घरचा सातबारा

शाळेत मुलांनी एखाद्या सामाजिक प्रश्नावर बोलून दाखवावे, अशी आपल्याकडे पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पण विषय कोणते येतात? हुंडा, व्यसनमुक्ती, वृक्षारोपण, मोबाइलचे दुष्परिणाम. हे प्रश्न काही खोटे नाहीत. मात्र त्यांवरची भाषणे तयार मिळतात. मूल ती पाठ करते, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर साधा प्रश्न विचारला की स्वारी गप्प! याला विषय निवडणे म्हणता येणार नाही.

मग दुर्लक्षित प्रश्न ओळखावा कसा? माझ्या मते त्याची खूण अशी : ज्या गोष्टीबद्दल गावात कोणी तक्रार करीत नाही, पण जिचा कागद गावातच आहे, ती गोष्ट पाहावी. तक्रार नाही म्हणून वर्तमानपत्रात ती येत नाही. कागद आहे म्हणून मुलांना ती स्वतः मोजता येते.

उदाहरण घेऊ. खुरपणी कोण करते? लावणी कोण करते? जनावरांचे शेणपाणी कोणाकडे? उत्तर घरोघरी ठाऊक आहे. आता सातबारा काढा आणि भोगवटादाराच्या रकान्यात तिचे नाव आहे का ते पाहा. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशभरातल्या शेतजमीनधारकांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के होते. आपल्या गावाचा आकडा काय, हे कोणी सांगेल का? तो काढणे हाच नववी-दहावीच्या मुलांचा प्रकल्प.

नाव नसले तर बिघडते काय, असे कोणी म्हणेल. पुष्कळ बिघडते. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, सगळे कागद पाहून मिळते. नवरा वारला आणि जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असली, तर ती बाई शेतात राबते, पण कचेरीत ती शेतकरी ठरत नाही.

कायद्याची बाजू मुलांना थोडक्यात सांगावी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वारसा मिळाला. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हक्क मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली तो मुलीला दिला, तोही त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली केंद्राने हा हक्क देशभर लागू केला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की हा हक्क जन्माचा आहे, २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असे नाही. (हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांचा. मुसलमान, ख्रिस्ती आणि आदिवासी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत, हे वर्गात विसरू नये.) पत्नीच्या नावासाठी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम चालवली होती, तीही मुलांना सांगण्याजोगी आहे.

कायदा असा सरळ असता नाव जाते कुठे? ते फेरफारात सापडते. वडील वारले की वारसनोंद होते, त्यात बहिणींची नावे बहुधा लागतातही. मग काही दिवसांनी हक्कसोडपत्र होते. बहीण सही करते, साडीचोळी घेते आणि सासरी जाते. तिच्यावर कोणी जबरदस्ती केलेली नसते. सही केली नाही तर माहेर तुटेल, एवढे मात्र तिला न सांगता कळलेले असते.

भावाची बाजूही मांडावी, नाहीतर भाषण एकांगी होईल. लग्नात खर्च केला, हुंडा दिला, तोच तिचा हिस्सा; शिवाय दोन एकरांचे तुकडे किती करायचे? दुसरा मुद्दा मला अर्धाच पटतो. तीन भावांत तीन तुकडे पडतात तेव्हा हा हिशेब कोणी काढत नाही. आणि नाव लागले म्हणजे लगेच बांध पडतो असेही नाही. क्षेत्र सामाईक ठेवता येते. पहिला मुद्दा अधिक खोल आहे. दिलेला पैसा तिच्या हाती राहिला का, असे मुलांनी आईला विचारावे आणि ती काय म्हणते ते लिहून घ्यावे.

आता शिक्षकांना एक सावधगिरीची सूचना. हा प्रकल्प उंबऱ्याच्या आत जातो. व्यासपीठावर कोणत्याही घराचे नाव घेऊ नये. फक्त संख्या सांगाव्या : इतके उतारे पाहिले, इतक्यांवर स्त्रीचे नाव, त्यांतल्या इतक्या विधवा. उतारे संगणकावर पाहायला मिळतात, तरी तलाठ्यांना (आता ते ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत) वर्गात बोलवावे आणि सातबारा वाचायचा कसा हे त्यांच्याकडून शिकावे. मुख्याध्यापक व सरपंच यांच्या कानावर आधीच घालावे. एखादी मुलगी घरचा उतारा पाहून गप्प झाली, तर तिला बोलायला लावू नये. तिच्याकडे बेरजेचे काम द्यावे.

पन्नास उतारे पुरेत. तीन आठवडे लागतील. आणि भाषण संपल्यावर सभेतून कोणी उठून विचारील, “बाळ, माझ्या बहिणीचे नाव आता लावता येते का?” तेव्हा मुलाला सांगता यावे की आधी फेरफार पाहा. तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलेले नसेल, नुसते नाव लावायचे राहून गेले असेल, तर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्यांकडे करता येतो.