विचारल्यावर जन्मणारा आकडा

तुमचा क्रेडिट स्कोअर या क्षणी कुठेच नाही. बँकेत नाही, सिबिलच्या संगणकात नाही, फोनमधल्या अ‍ॅपमध्येही नाही. अ‍ॅपमध्ये असलाच तर गेल्या वेळी काढलेला, शिळा. सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कर्जांचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीकडे, साठलेल्या असतात त्या नुसत्या नोंदी: कोणी, कधी, किती कर्ज दिलं आणि कोणत्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा आला. तुम्ही ‘स्कोअर पाहा’ या बटणावर बोट ठेवता, ओटीपी टाकता, आणि मगच तो आकडा घडवला जातो.

अ‍ॅपमधला काटा लाल पट्ट्यातून हिरव्याकडे सरकतो ना, ते काही सेकंद मला फार नवलाचे वाटतात. तेवढ्यात तुमचं नाव, पॅन, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर ब्युरोकडे पोचलेला असतो. तिथे कोट्यवधी लोकांच्या नोंदींतून तुमच्याशी जुळणाऱ्या नोंदी वेचून एका ठिकाणी येतात. दहा वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेली दुचाकी, सध्याचं गृहकर्ज, कपाटात पडून राहिलेलं क्रेडिट कार्ड. त्यांच्यावर एक सूत्र फिरतं आणि ३०० ते ९०० मधला एक आकडा परत येतो. पैसे पडत नाहीत. पैसाबाजार, क्रेड, वनस्कोअर, गूगल पे असे कितीतरी जण तो फुकट दाखवायला तयार बसलेले आहेत. साहजिकच मनात पाल चुकचुकते: फुकटचा आकडा खरा असेल का?

आधी हे पाहू की तो आकडा सांगतो काय. त्यासाठी थोडं मागे जायला हवं. १९५६ साली कॅलिफोर्नियात बिल फेअर हा अभियंता आणि अर्ल आयझॅक हा गणिती यांनी एक छोटी कंपनी काढली. कर्ज फेडेल की बुडवेल, हे माणसाचा चेहरा आणि घराणं पाहून ठरवण्याऐवजी जुन्या कर्जदारांच्या नोंदींवरून हिशेबाने ठरवता येईल, अशी त्यांची कल्पना. त्यांनी पन्नास मोठ्या कर्जदात्यांना पत्रं पाठवली. उत्तर एकाचंच आलं. पुढे १९८९ मध्ये याच कंपनीचा फायको स्कोअर आला आणि अमेरिकेत घर घ्यायचं तर तो विचारला जाऊ लागला.

आपल्याकडे सिबिलची स्थापना २००० साली झाली. ग्राहकांच्या कर्जाच्या नोंदी तिने २००४ पासून बँकांना पुरवायला सुरुवात केली आणि स्कोअर २००७ मध्ये आला. २००५ च्या कायद्याने या धंद्याला चौकट घातली. २०१० मध्ये एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि हाय मार्क (आताची क्रिफ हाय मार्क) यांना परवाने मिळाले. म्हणजे ब्युरो चार आहेत. पण सिबिलने आधी येऊन जागा धरली, त्यामुळे तालुक्याच्या बँकेतला साहेब आजही ‘सिबिल खराब आहे’ एवढंच म्हणतो, अहवाल कोणत्याही ब्युरोचा असो.

आता खरी गंमत. या आकड्यात तुमचा पगार नाही. मुदत ठेव नाही, सोनं नाही, शेत नाही, शेअर नाहीत. बँकेत पन्नास लाख ठेवून आयुष्यात कधीही कर्ज न काढलेल्या सद्गृहस्थाबद्दल ब्युरोला काहीच ठाऊक नसतं. सिबिलच्या अहवालात त्याच्यापुढे उणे एक लागतो. भिशी नियमाने भरलीत, मेव्हण्याचे हातउसने ठरल्या दिवशी परत केलेत, तरी त्याची दखल घेणारं तिथे कोणी नाही. उलट मित्राच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्या अहवालात येऊन बसतं आणि त्याने हप्ते थकवले की डाग तुम्हालाही लागतो. ‘नुसती सही तर करायची होती’ हे वाक्य ज्यांनी म्हटलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

अहवालाचा गाभा म्हणजे महिन्यांची एक माळ. प्रत्येक खात्याखाली मागच्या छत्तीस महिन्यांच्या चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत तीन आकडे. ००० म्हणजे थकबाकी नाही. ०३० म्हणजे तीस दिवस थकलं. कधी आकड्यांच्या जागी तीन फुल्या दिसतात, म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवलीच नाही. मे महिन्यात आजारपणामुळे चुकलेला हप्ता, नोकरी बदलताना रिकाम्या खात्यावरून परत गेलेला ईसीएस, सगळं त्या चौकटींत दिसतं. कारण मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

सूत्राला कारणाशी कर्तव्य नाही. त्याचा प्रश्न एवढाच: ज्यांच्या माळा पूर्वी अशाच दिसत होत्या, त्यांच्यापैकी किती जणांचे हप्ते पुढच्या वर्ष-दोन वर्षांत तीन-तीन महिने थकले? म्हणजे ७८० हा आकडा दिसतो तुमच्या नावापुढे, पण तो बेतलेला असतो लाखो अनोळखी माणसांच्या वागण्यावर. तुम्ही प्रामाणिक आहात की नाही, हे तो सांगत नाही. त्याला ते कळतही नाही. गर्दीचा अंदाज म्हणून मात्र तो चांगलाच चालतो. नाहीतर पैसा पणाला लावणाऱ्या बँकांनी तो केव्हाच टाकून दिला असता.

मग एका अ‍ॅपवर ७६२ आणि दुसऱ्यावर ७३१ का? यातला खोटा कोणता? बहुधा कोणताच नाही. एक उत्तरपत्रिका चार परीक्षकांकडे गेली आहे, प्रत्येकाची गुण द्यायची रीत वेगळी आहे, आणि एकाच्या गठ्ठ्यात तुमची पुरवणीच जोडलेली नाही, असा हा प्रकार आहे. अ‍ॅप स्वतः गुण देत नाही. ते कोणत्या ना कोणत्या ब्युरोकडून आकडा आणतं, आणि कोणाकडून आणला ते पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आधी ती ओळ वाचावी. सिबिलच्या आकड्याची एक्स्पेरियनच्या आकड्याशी तुलना करून रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही. त्यात एकाच ब्युरोच्या सूत्राच्याही जुन्या-नव्या आवृत्त्या असतात. शिवाय मोठ्या बँका स्वतःचं वेगळं गुणपत्रक चालवतात. त्यात तुमचा पगार, नोकरी, त्यांच्याकडचं खातं हे सारं धरलेलं असतं. ते मात्र तुम्हाला कोणी दाखवत नाही, फुकटही नाही आणि पैसे देऊनही नाही.

पुरवणी हरवते कशी? २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेने चारही ब्युरोंची सभासद व्हावं आणि सगळ्यांना माहिती द्यावी. त्याआधीच्या नोंदी सगळीकडे सारख्या पोचलेल्या नसू शकतात. दुसरी गोष्ट वेळेची. माहिती पूर्वी महिन्यातून एकदा जायची. १ जानेवारी २०२५ ला लागू झालेल्या नियमाने किमान पंधरवड्याला एकदा, महिन्याच्या १५ तारखेची आणि अखेरची स्थिती कळवायची ठरली. कळवायला बँकेला सात दिवस, चढवायला ब्युरोला पाच. तुम्ही १६ तारखेला वाहनकर्ज पूर्ण फेडलंत आणि १७ ला मोठ्या उत्साहाने अ‍ॅप उघडलंत, तर कर्ज तसंच दिसणार. या नियमाने ते पुढच्या महिन्याच्या १२ तारखेपर्यंतही दिसू शकतं आणि तरी कोणी नियम मोडलेला नसतो. क्रेडिट कार्डाचं तर याहून नवल. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याच्या नावावरही अहवालात मोठी बाकी दिसू शकते, कारण माहिती गेली त्या दिवशी ती बाकी होतीच.

तिसरं कारण अगदी आपल्या घरातलं. नोंदी जुळवायच्या तर माणूस ओळखावा लागतो. गायकवाड किंवा कुलकर्णी हे आडनाव रोमन लिपीत चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं. एका कागदावर मधलं नाव वडिलांचं, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर आडनाव पहिलं. मराठी बायकांची कथा आणखी निराळी: लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, कधी तर पाळण्यातलं नावही. पॅनमुळे हे बरंच सावरतं. पण पॅनचं एक अक्षर चुकीचं टंकलं गेलं, की तुमचं कर्ज दुसऱ्याच्या पदरात आणि दुसऱ्याची थकबाकी तुमच्या.

म्हणून माझं मत असं की दोन ब्युरोंच्या आकड्यांत वीस-तीसचा फरक असेल तर सोडून द्यावं. शंभराच्या घरात असेल तर सूत्राला दोष न देता नोंदी तपासाव्यात. तिथे काहीतरी राहून गेलंय किंवा काहीतरी परकं घुसलंय.

आता फुकटचं गणित. या धंद्याचा मोठा नमुना म्हणजे २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली क्रेडिट कर्मा. स्कोअर फुकट दाखवायचा, तो पाहायला माणसं पुनःपुन्हा येतात, त्यांना साजेशी कार्डं आणि कर्जं समोर ठेवायची, आणि कोणी घेतलं की बँकेकडून कमिशन. २०२० मध्ये इन्ट्युइट कंपनीने ती सात अब्ज डॉलरहून जास्त मोजून विकत घेतली. फुकट वाटण्याच्या मालाला एवढी किंमत येते, यावरूनच कळावं की माल कोणता होता. तिच्यावर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठपका ठेवला. ठपका आकड्याबद्दल नव्हता. ‘तुम्हाला आधीच मंजूर’ असं सांगून दाखवलेल्या कार्डांसाठी अर्ज केलेल्या पुष्कळांना नकार मिळाला, याबद्दल होता. प्रकरण तीस लाख डॉलरवर मिटलं.

आपल्या अ‍ॅपांकडेही याच नजरेने पाहावं. आकडा विश्वासाचा, कारण तो ब्युरोचा असतो. त्याच्या शेजारी चमकणारी ‘तुमच्यासाठी खास’ कर्जाची पाटी ही जाहिरात. स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिल्याने तो कमी होत नाही, रोज पाहिला तरी नाही. ती चौकशी वेगळ्या खात्यात मोडते. पण त्या पाटीवर बोट ठेवून अर्ज केलात की बँक तुमचा अहवाल मागवते, ती चौकशी अहवालात नोंदली जाते, आणि आठवड्यात अशा पाच झाल्या तर सूत्राला वाटतं, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. मोबाइल नंबर दिल्यावर सुरू होणारे कर्जाचे फोन, ही या फुकटची वरकड किंमत. संमतीच्या चौकटीवर टिचकी मारताना ती किती काळासाठी आहे हे वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आणि ब्युरोच चुकला तर? चुकतात. फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पाचांपैकी एका ग्राहकाच्या किमान एका अहवालात अशी चूक निघाली, जी त्याने हरकत घेतल्यावर ब्युरोला दुरुस्त करावी लागली. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये इक्विफॅक्सच्या संगणकप्रणालीत दोष शिरला आणि काही आठवडे अमेरिकेतल्या बँकांना चुकीचे आकडे गेले. जवळपास तीन लाख लोकांचा स्कोअर २५ किंवा त्याहून अधिक गुणांनी हलला होता. आपल्याकडे जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही ब्युरोंना नियम न पाळल्याबद्दल दंड केला, एकूण एक कोटीच्या आसपास. अशा वेळी अ‍ॅप चुकीचा आकडाही इमानेइतबारे, त्याच हिरव्या-पिवळ्या रंगात दाखवतं.

पण आपल्या हाती एक चांगलं हत्यार आहे आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात कमिशन नाही. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक ब्युरोने प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल, स्कोअरसकट, मोफत द्यायचा आहे. चार ब्युरो म्हणजे वर्षाला चार अहवाल. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे एकेकाचे वाटून घेतले तर वर्षभर नजर राहते. अहवाल ब्युरोच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला पॅन आणि ओटीपी देऊ नये. खरी नोंद पुसण्याचा अधिकार त्याला नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करायला त्याची गरज नाही.

अहवाल हाती आला की आकडा सोडून खात्यांच्या यादीकडे वळा. आपण न घेतलेलं कर्ज आहे का? फेडून टाकलेलं अजून चालू दिसतं का? एखाद्या जुन्या कार्डापुढे ‘सेटल्ड’ असं लिहिलंय का? वसुलीवाल्याने ‘थोडे भरा, मिटवून टाकू’ म्हणून मिटवलेलं खातं बँकेच्या लेखी पूर्ण फिटलेलं नसतं, आणि हा शब्द वाचून पुढची बँक कपाळाला आठ्या घालते. चूक दिसली तर ब्युरोच्या संकेतस्थळावरच तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तेवढ्यानेही भागलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२२ पासून ब्युरोही त्याच्या कक्षेत आले आहेत.

राहिला तो उणे एकवाला सद्गृहस्थ. कर्जाचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला परत पाठवू नये, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे, आणि कर्जासाठी किमान स्कोअर तिने कुठेही ठरवून दिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेत हेच सांगितलं. काउंटरवरचा माणूस ‘साडेसातशेच्या खाली होत नाही’ म्हणाला, तर तो त्याच्या बँकेचा नियम असतो. दुसऱ्या बँकेत तोच आकडा चालूही शकतो.