मैदानावरचा वीर, सागरातला वैमानिक

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने टोलवायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेतला फुटबॉल मात्र निराळा. तिथे चेंडू लंबगोल. तो छातीशी धरून धावायचे आणि आडव्या येणाऱ्या धिप्पाड गड्यांचे धक्के सोसायचे! अशा या धसमुसळ्या खेळात नाव काढले ते जेमतेम पाच फूट आठ इंच उंचीच्या एका अभ्यासू तरुणाने. त्याचे नाव नाइल किनिक.

आयोवा राज्यातल्या एडेल गावी 9 जुलै 1918 रोजी तो जन्मला. आईचे वडील त्या राज्याचे गव्हर्नर होते. 1938 साली आयोवा विद्यापीठाच्या संघाने आठांपैकी एकच सामना जिंकला होता. पुढच्या वर्षी एडी अँडरसन हे प्रशिक्षक आले आणि चित्र पालटले. गडी मोजके, त्यामुळे पुष्कळजण सामनाभर मैदानातच राहत. किनिक तर सलग 402 मिनिटे खेळला! अजिंक्य ठरत आलेल्या नोत्र दाम संघाला आयोवाने 7-6 असे नमवले. ते सातही गुण एकट्या किनिकचे!

त्या वर्षीचा मानाचा हाइझमन करंडक त्यालाच मिळाला. युरोपात नुकतीच लढाई पेटली होती. आपला जन्म रणांगणावर नव्हे, तर खेळाच्या मैदानावर झुंजण्यासाठी झाला, याबद्दल त्याने समारंभात देवाचे आभार मानले. पुढे धंदेवाईक संघाने दहा हजार डॉलर देऊ केले. त्या काळी ही केवढी रक्कम! पण ती नाकारून तो कायदा शिकू लागला.

मात्र युद्धाने कुणालाच सोडले नाही. पर्ल हार्बरवर हल्ला होण्याच्या तीनच दिवस आधी तो नौदलाच्या वैमानिकदलात रुजू झाला. 2 जून 1943 रोजी ‘लेक्झिंग्टन’ या विमानवाहू जहाजावरून त्याने सरावासाठी उड्डाण केले. व्हेनेझुएलानजीक विमानातून तेल गळू लागले. जहाजावर विमानांची दाटी; तिथे उतरावे तर इतरांच्या जिवाला धोका. त्याने विमान समुद्रात उतरवले. आठ मिनिटांत बचावनौका पोहोचली. पाण्यावर फक्त तेलाचा तवंग दिसत होता. वय अवघे चोवीस!

1944 साली त्याचा भाऊ बेन हाही युद्धात कामी आला. एकाच आईचे दोन मुलगे!

युद्धानंतर विद्यापीठाच्या क्रीडागाराला नाइलचे नाव देण्याची कल्पना निघाली. वडिलांनी नको म्हटले. इतक्या घरांतली मुले गेली, मग एकट्या आपल्याच मुलाचे नाव कशाला, असा त्यांचा सवाल होता. अखेर 1972 साली ते नाव लागले. मुलाची थोरवी सारे जग सांगते. पण पुत्रशोकातही दुसऱ्यांची मुले आठवणारा तो बाप मनातून जात नाही.