रिपोर्ट नॉर्मल, मग चक्कर कसली?

फळीवरचा डबा काढायला मान वर केली, की सगळं घर गरगर फिरायचं. रात्री कूस बदलली तरी तेच. अर्ध्या मिनिटात थांबायचं, पण तोवर जीव घाबराघुबरा! मानेचा एक्सरे झाला. मग कानात गार-गरम पाणी सोडायची तपासणी झाली. रिपोर्ट नॉर्मल! "बघ, काही नाहीये तुला," असं घरचे म्हणाले, तेव्हा मात्र मला रडूच आलं. तुमच्यापैकीही कितीजणींनी हे ऐकलं असेल!

तर मैत्रिणींनो, ही तपासणी काय सांगते नि काय सांगत नाही, ते पाहू या. प्रत्येक कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. कानात आधी ३० आणि मग ४४ अंशांचं पाणी सोडतात, म्हणजे अंगाच्या उष्णतेपेक्षा ७ अंश कमी आणि ७ अंश जास्त. त्यानं नळीतला द्रव हलतो, बुबुळं आपोआप थरथरतात, आणि दोन्ही कानांची तुलना करता येते. रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचं नोबेल मिळालं ते तोलाच्या या यंत्रणेवरच्या कामाबद्दलच. पण गोम अशी, की पाण्यानं कळते ती मुख्यतः एका आडव्या नळीची स्थिती. उरलेल्या दोन तशाच राहतात! शिवाय कानात मळ असला, चक्कर थांबवायची गोळी घेतलेली असली किंवा तपासताना डुलकी लागली, तरी उत्तर फसतं. म्हणून तर उलटे आकडे मोजायला लावतात. (मला वाटलं, माझी अक्कल तपासताहेत.) गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करू नका हं, किती तास आधी थांबवायच्या ते डॉक्टरांनाच विचारा.

डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला लावतात, त्यावर तर फारसं विसंबूच नये. धडधाकट माणूसही एका बाजूला वळतो.

माझं दुखणं निघालं मागच्या नळीत. दुसऱ्या डॉक्टरांनी मला पलंगावर बसवलं, मान ४५ अंश वळवली आणि झटकन उताणं निजवलं. ही १९५२ सालची डिक्स-हॉलपाइक तपासणी. ना यंत्र, ना पाणी! घर फिरलं, त्यांनी बुबुळं पाहिली आणि म्हणाले, "कॅल्शियमचे कण जागा सोडून नळीत शिरलेत." त्याच पलंगावर ठरावीक क्रमानं डोकं वळवून त्यांनी ते मूळ जागी सरकवले. आठवड्यानं पुन्हा एकदा करावं लागलं, एवढंच.

चक्करेबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळे पडले, तर कानाची तपासणी राहू द्या, तडक इस्पितळ गाठा. एरवी जाताना कागदावर लिहून न्या: चक्कर किती सेकंद टिकते, आणि कोणत्या कुशीवर येते. मला पहिल्या खेपेला ते कुणी विचारलंच नव्हतं.